मंगळवारचा नारळ आणि न परतलेले डबे

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या फळीवर दुसऱ्यांचे डबे आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींचा झाकण चेपलेला स्टीलचा, समोरच्या शहांचा निळ्या झाकणाचा, भाचीच्या सासरहून फराळ घेऊन आलेला एक ऐसपैस, आणि दोनतीन असे, की त्यांचे मालक आता मला आठवतही नाहीत. मी चोर नाही. डबा रिकामा परत करू नये, असं आईनं लहानपणीच बजावून ठेवलं आहे. त्यामुळे काहीतरी चांगलंचुंगलं करीन, मग त्यातून परत देईन, असं म्हणत डबा फळीवर चढतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. खारघरमधल्या आमच्या सोसायटीत घरटी अशी एक फळी आहे. परवा आमच्या ह्यांनी शेंगदाणे ठेवायला डबा मागितला, तर घरात डबेच डबे आणि आपला म्हणावा असा एकही मोकळा नाही.

याला आमच्या धंद्यात मेमरी लीक म्हणतात. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, पण वाचकाला झोप येणार नाही असं लिहा’ अशी अट घातली, तेव्हा मला आधी ही फळी आठवली आणि तिच्यामागून खाडीकाठच्या दिवाळे गावची वनिता आठवली. तिचाही डबा या फळीवर आहे. त्याची गोष्ट सांगते, पण आधी थोडं धंद्याविषयी, म्हणजे ऐन रंगात आल्यावर थांबायला नको.

महाप्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी होती, अजूनही आहे. कॉम्प्युटरवाली बाई म्हटलं की लोकांना काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि अमेरिकेशी फोन असं काहीतरी दिसतं. पट्टा माझ्याही गळ्यात होता, पण त्याला ग्रीस लागलेलं असायचं. आम्ही कंट्रोलर बनवायचो. जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, आत एक चिप, बाहेर चार बटणं आणि इवलासा पडदा. ही पेटी बेकरीच्या भट्टीला लागते, शीतगृहाला लागते, बर्फाच्या कारखान्याला लागते. ती तापमान बघते आणि मोटर कधी चालू करायची, कधी बंद करायची ते ठरवते. तिनं ते कसं ठरवायचं, हे तिला सांगणारे आम्ही चारपाच जण, आणि त्या चारपाचांवर ओरडणारी मी. त्या चिपशी बोलायची आमची भाषा सी. आणि चिपमधली मेमरी एवढी तुटपुंजी, की तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोला जेवढी जागा लागते, तेवढ्यात अशा कित्येक चिपांचे संसार उभे राहिले असते.

सी ही जुनी भाषा आहे आणि जुन्या माणसांसारखीच तिला एक खोड आहे. ती तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकते. अ‍ॅरे म्हणजे ओळीनं एकमेकांना लागून असलेली एकसारखी घरं. पहिल्या घराचा पत्ता ठाऊक असला, की पुढचं कुठलंही घर सापडतं. मोजणी शून्यापासून, कारण पहिल्या दारात उभं राहायला एकही घर ओलांडावं लागत नाही. पॉइंटर म्हणजे त्या पत्त्याची चिठ्ठी. कॉलेजातल्या पोरांना पॉइंटर म्हटलं की घाम फुटतो, पण त्यात याहून जास्त काही नाही. आता दहा घरांच्या ओळीत तुम्ही अकरावं घर मागितलंत, तर बाकीच्या शहाण्या भाषा तिथेच ओरडतात. सी म्हणजे वॉचमन नसलेली सोसायटी. कोणाकडे जायचंय, असं कोणी विचारत नाही. तुम्ही सरळ आत शिरता आणि तिथे जो कोणी राहत असेल, त्याच्या भिंतीला आपला रंग लावून येता.

आमच्याकडे हे एका बेकरीत झालं. भट्टीच्या तापमानाच्या नोंदी ठेवायला जेवढी घरं बांधली होती, त्याच्यापुढची एक नोंद एका पठ्ठ्यानं लिहिली. पुढच्या घरात दाराच्या घंटेचा हिशेब राहत होता. झालं, भट्टी नीट तापली की दुकानाची घंटा वाजायला लागली. मी धावतपळत तिथे गेले, तर मालक हात जोडून उभा. “मॅडम, हात लावू नका. पाव टाकायची वेळ झाली की आता बरोबर कळतं.” दुरुस्त करू द्यायला त्याला मी महिनाभर विनवत होते.

पण डब्यांचा प्रकार वेगळा. प्रोग्रॅम चालू असताना मध्येच जागा लागली, तर मॅलॉक नावाच्या कारभाऱ्याकडे ती मागायची. तो एक मोकळा तुकडा देतो आणि त्याच्या पत्त्याची चिठ्ठी हातात ठेवतो. काम झालं की फ्री म्हणून तो तुकडा परत करायचा. नव्या भाषांमध्ये मागून कोणीतरी आवरत येतं आणि लागेनासं झालेलं उचलून नेतं. सीमध्ये घरकामाला कोणी येत नाही, ज्यानं पसारा केला त्यानंच आवरायचा. आणि तुम्ही विसरलात तर काही बिघडत नाही, निदान त्या क्षणी तरी. एकेक तुकडा फळीवर चढत राहतो आणि एक दिवस कारभारी हात वर करतो. असले तुकडे आमच्या चिमुकल्या चिपांत मागूच नयेत, हे मी घसा कोरडा करून सांगायचे. ऐकायचे सगळे, आणि करायचे ते आपल्या मनासारखं.

आता वनिता.

दिवाळ्याच्या जेटीच्या अलीकडे एक बर्फाचा कारखाना आहे. होड्या निघण्याआधी तिथून बर्फ भरून घेतात. तो बर्फ पेटीत टिकला तर मासळी टिकणार, नाहीतर चारपाच दिवसांची मेहनत खाडीत. कारखाना उभा केला धर्माबाबांनी, वनिताच्या सासऱ्यांनी. बाबा जन्माचे कोळी, पण पायांनी असहकार पुकारल्यावर समुद्र सोडून बर्फात उतरलेले. नंतर गुडघ्यांनी कारखान्याच्या पायऱ्यांनाही नकार दिला, तेव्हा प्रश्न आला, आता बघणार कोण? थोरला मुलगा, म्हणजे वनिताचा नवरा, उरणला नोकरीत. धाकटा जितेश स्वतःच्या होडीवर, महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात. बीकॉम झालेली थोरली सून घरात होती. ती म्हणाली, मी बघते. घरातल्यांनी एकमेकांची तोंडं बघितली आणि ठरलं, हा एक सीझन बघू. जमलं तर ठीक, नाहीतर जितेशनं होडी भाड्यानं द्यावी आणि कारखाना हातात घ्यावा.

आमची पेटी तिथे बाबांच्या काळातच लागली होती आणि वर्षभर मुकाट काम करत होती. मिठाच्या पाण्याचं तापमान बघायची, मशीन चालू-बंद करायची आणि दर थोड्या वेळानं मालकाच्या फोनवर तापमानाचा मेसेज टाकायची. सीझन सुरू होऊन काही आठवडे झाले आणि ऑफिसात वनिताचा फोन आला.

“मॅडम, तुमची पेटी रुसते.”

“म्हणजे काय होतं?”

“काय होत नाय, तेच टेन्शन हाय. पडद्यावर जुनंच टेंपरेचर धरून बसते. मशीन चालूच करत नाय. बर्फ मऊ पडला की मग आमाला कळतं.”

“बंद करून परत चालू केली तर?”

“मग शहान्यासारखी चालते. आठवडा उलटला की परत तेच.”

आमच्याकडे अशा तक्रारीला ठरलेली उत्तरं होती. विजेचा दाब कमीजास्त होत असेल. खाऱ्या हवेनं जोड गंजले असतील. कोणीतरी नको ते बटण दाबत असेल. आमचे साहेब, दामले, तिसऱ्या उत्तराच्या बाजूचे होते. “परब, बाई नवीन आहे, काहीतरी दाबत असणार,” असं ते म्हणाले. मीही बाई आणि मीही कधीतरी नवीन होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी बॅग उचलली आणि दिवाळ्याला गेले.

दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर धर्माबाबा बसले होते, एक पाय समोरच्या क्रेटवर लांब केलेला. मला बघून त्यांनी नमस्कार वगैरे केला नाही.

“बाय, तुमची पेटी चांगली हाय. तिचा काय दोष नाय,” ते म्हणाले. “मी दर मंगलवारी मशीन बंद करून पूजा करायचो, नारल फोडायचो. एक दिस तरी रुसली काय? इचारा कोनालापन. आता या बायनं पूजा बंद केली. मशीनला पन देव लागतो.”

ग्राहकाचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यायचं, हा माझा नियम. मी मान हलवली आणि आत गेले.

बर्फाचा कारखाना तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. मोठं टाकं, त्यावर लाकडी फळ्या. फळ्या उचलल्या की खाली गार खाऱ्या पाण्यात पत्र्याचे उंच डबे रांगेनं बुडवलेले, प्रत्येकात गोडं पाणी. ते पाणी गोठलं की वरची क्रेन डब्यांची एक अख्खी रांग उचलते, साध्या पाण्यात बुचकळते, आडवी करते आणि बर्फाच्या लाद्या सळकन बाहेर येतात. रिकाम्या डब्यांत पाणी भरतात आणि रांग जिथली तिथे परत. मी हे पाहत जरा जास्तच वेळ उभी राहिले. आयुष्यभर ऑफिसातल्या नव्या पोरांना अ‍ॅरे शिकवताना फळ्यावर चौकोन काढले होते, इथे तोच अ‍ॅरे अमोनियाच्या वासासकट समोर लटकत होता.

वनिता मागून आली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात फोन, वय पस्तिशीच्या आतबाहेर. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही, अशा जागी तिनं मला नेलं.

“मॅडम, पूजा मी बंद नाय केली,” ती म्हणाली. “बाबांना पायऱ्या चढवत नाय. जितू होडीवर. ह्यांना मंगलवारी सुट्टी नाय. नारल फोडायला घरात पुरुषच नव्हता.”

“तू फोडायचास.”

ती हसली. “आमच्यात बायका नाय फोडत. मी फोडला असता तर तेच्यावरून येगलं भांडन. मग मी काय करनार? नारल नाय, पूजा नाय, तर मशीन तरी कशाला बंद ठेवायची? होड्यांना बर्फ पायजे होता, मी चालू ठेवली.”

“बरोबर केलंस.”

“ते तुमी बोलता. घरात सगले बोलतात, हिनं देवाला नारल दिला नाय म्हनून पेटी रुसली. आता जितूला बोलावनार हायेत.” तिनं मागे वळून दारातल्या खुर्चीकडे बघितलं. “मॅडम, मला येतं हो हे काम. मला आवडतं. तुमी फक्त एवढं बोलू नका, का पूजा बंद केली म्हनून झालं. तुमच्यासारख्या शिकलेल्या मानसानं तसं बोललं तर माजं संपलंच.”

मी तिला काही वचन दिलं नाही, कारण काय बिघडलंय हे मला माहीत नव्हतं. पण तिथेच मशीनशेजारी माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. पूजेसाठी बाबा काय करायचे? मेन स्विच बंद. मशीन धुवायची, पुसायची, हळदकुंकू, नारळ, आरती. देवासमोर खडखडाट नको म्हणून सगळं आटपेपर्यंत वीज बंद. म्हणजे दर मंगळवारी आमची पेटी पूर्ण बंद होऊन नव्यानं चालू होत होती. पेटी बंद झाली की तिची फळी आपोआप रिकामी होते. मागून घेतलेले, परत न केलेले, सगळे तुकडे मोकळे.

थोडक्यात, धर्माबाबांचं निदान तंतोतंत बरोबर होतं. पूजा बंद झाली म्हणूनच पेटी रुसत होती.

मी जेटीवर जाऊन दामल्यांना फोन लावला आणि माझा संशय सांगितला. त्यांना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला आहे. “अहो मग काम झालं की! आठवड्यातून एकदा बंद-चालू करा म्हणावं. त्यांची पूजा आहेच, तेव्हाच करा. परत सुरू करायला सांगा, नारळ हवं तर कंपनीतर्फे पाठवू.”

दामले वाईट माणूस नव्हते. निम्मं जग बंद करून चालू करण्यावरच चाललंय आणि ग्राहकही त्यावर खूश असतो. शिवाय चूक शोधायला माणूस बसवायचा म्हणजे बाकीची कामं अडतात. पण हा सल्ला मी त्या दारातून आत जाऊन मोठ्यानं दिला असता, तर पुढच्या आठवड्यात त्या कारखान्यात जितेश बसला असता. आमच्या प्रोग्रॅममधल्या गळतीपायी एका बाईच्या हातचं काम गेलं असतं आणि वर तिनं देवाला दुखावलं असं म्हणत गाव मोकळं झालं असतं. मला संताप आला. मी म्हटलं, “साहेब, चूक आपल्या घरातली आहे. मला हा आठवडा द्या.” आणि फोन ठेवला. त्यांनी नंतर हो म्हटलं असणार, मी ऐकायला थांबले नव्हते.

ऑफिसात येऊन मी तसलीच एक पेटी टेबलावर मांडली. गळती दिसायला आठवडा लागतो आणि आठवडा वाट बघायला मी काही संत नाही. थोड्या थोड्या वेळानं जाणारा मेसेज मी मिनिटामिनिटाला जाईल असं केलं. सकाळी चालू केलेली पेटी चार वाजता चहा येईपर्यंत गप्प झाली. पडद्यावर जुनंच तापमान, अगदी वनिता म्हणाली तसं. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, आणि शेजारच्यांना वाटलं, मॅडम पुन्हा कोणावर तरी भडकल्या.

चूक सापडली ती अशी. मेसेज तयार करायचं काम एकानं लिहिलेलं, तो पाठवायचं काम दुसरीनं. पहिला जागा मागून घ्यायचा, त्यात तापमान लिहायचा आणि तुकडा दुसरीच्या हाती द्यायचा. त्याला वाटलं, आता तो तिच्याकडे गेला, परत तीच करील. तिला वाटलं, ज्यानं मागून आणला तो परत करील, मी कोण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारी? दोघंही हुशार, दोघंही सभ्य, आणि दोघंही तोवर नोकरी बदलून गेलेले. त्यात सभ्यपणाचा कळस म्हणजे जागा मिळाली नाही तर काय, याचंही उत्तर त्यांनी लिहिलं होतं. थांबायचं आणि परत मागायचं. परत करणारं कोणी नव्हतंच, त्यामुळे पेटी बिचारी रांगेत उभी. तिकडे बर्फ वितळतोय, ही इकडे अदबीनं वाट बघतेय.

आणि हे आम्हाला आधी का कळलं नाही? आम्ही तर पेट्या आठवडा आठवडा चालवून तपासायचो. पण महाप्याला आमच्या भागात आठवड्यातून एकदा देखभालीसाठी वीज जायची. तपासणीला लावलेल्या पेट्या तेव्हा बंद व्हायच्या आणि वीज आली की नव्या दमानं सुरू. दिवाळ्याला बाबांचा नारळ आणि महाप्याला वीज मंडळ, दोघं मिळून आमची अब्रू झाकत होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. पाठवून झालं की फ्री म्हणायचं, संपलं. पण ती ओळ लिहून माझं समाधान होईना. आज इथे बुजवलेलं भोक उद्या तिसरा कोणी दुसरीकडे पाडणार. माझ्या डोळ्यांसमोर ती क्रेनला लटकलेली डब्यांची रांग होती. त्या कारखान्यातून लादी बाहेर जाते, डबा कधीच जात नाही. होडीवाल्याला कोणी डब्यासकट बर्फ देत नाही, त्यामुळे परत कोण आणणार हा प्रश्नच नाही. मी मॅलॉककडचं सगळं मागणंच काढून टाकलं. मेसेजसाठी मोजून एक रांग बांधली. भरा, आतला मजकूर पाठवा, डबा जागेवर. रांगेच्या पुढे कोणी पाऊल टाकलं तर अडवणारा वॉचमनही मी स्वतः लिहून बसवला. त्या दिवशी मी भलतीच खूश होते आणि ते मी लपवणारही नाही.

नवा प्रोग्रॅम घेऊन परत दिवाळ्याला गेले. पेटी उघडली, भरली, लावली. बाबा खुर्चीवरून सगळं बघत होते. काम झाल्यावर त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. वनिता चहा घेऊन आली होती, ती दाराशीच थबकली.

“काय निघालं?” बाबांनी विचारलं.

मी डब्यांची गोष्ट सांगितली. कोणाचा डबा कोणाकडे राहिला आणि परत कोणी करायचा हे ठरलंच नव्हतं, वगैरे. वनिता फसकन हसली. “म्हंजे माज्या जावेचा डबा! कवाचा माज्याकडंच पडलाय.” पण बाबा हसले नाहीत.

“आनि मी मशीन बंद करायचो तवा?”

“तेव्हा सगळे डबे आपोआप परत जायचे.”

ते खुर्चीत पुढे सरकले. म्हातारा अडाणी नव्हता, त्याला नेमकं काय विचारायचं ते ठाऊक होतं. “म्हंजे माजा नारल खरा होता का नव्हता? सरल सांगा.”

आता खरा होता म्हणावं तर सून खोटी पडते. नव्हता म्हणावं तर ज्या माणसानं वर्षभर पायऱ्या चढून मशीन पुसली, त्याला मी त्याच्याच दारात वेडा ठरवते. आणि दोन्ही उत्तरं अर्धवटच. मी चहाचा घोट घेतला, म्हणजे विचार करायला तेवढा वेळ मिळाला.

“बाबा, चूक आमची होती,” मी म्हटलं. “तुमच्या नारळानं ती वर्षभर सांभाळून घेतली. पण सांभाळून घेतली म्हणून ती आम्हाला दिसली नाही. तुमच्या सुनेनं मशीन थांबवली नाही, म्हणून ती सापडली. ती थांबवत राहिली असती, तर एखाद्या मंगळवारी पूजा चुकल्यावर ऐन गर्दीत बर्फ गेला असता आणि कोणाला कारण कळलं नसतं. तुम्ही सांभाळलं, तिनं पकडलं. कंपनीनं तुम्हा दोघांचे आभार मानायला हवेत.”

बाबांनी ‘हं’ केलं. त्या ‘हं’चा अर्थ मला लागला नाही. निघताना वनितानं माझ्या हातात स्टीलचा डबा ठेवला, आत कोलंबीचं लोणचं. मी मालवणकडची, त्यामुळे नको म्हणण्याचा अभिनयही मी केला नाही. “मॅडम, जितूला अजून फोन केलेला नाय त्यांनी,” ती हळूच म्हणाली. “पेटी चालली तर नाय करनार.”

पुढचे काही आठवडे मी रोज सकाळी ऑफिसात जाऊन आधी फोन बघायचे. तापमानाचे मेसेज माझ्याही नंबरवर यायची सोय मी करून ठेवली होती. मंगळवार आला, गेला. आणखी एक आला, गेला. मशीन एकदाही बंद झाली नाही आणि मेसेज एकदाही चुकला नाही. आमचे हे म्हणाले, पोरांच्या परीक्षांच्या वेळी तू एवढी काळजी केली नाहीस.

दसऱ्याला वनितानं बोलावलं. आमच्या ऑफिसातही त्या दिवशी कॉम्प्युटरांना झेंडू वाहतात आणि माझ्या कीबोर्डातलं कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत निघत नाही. ती पूजा आटपून, वनिताच्याच डब्यात करंज्या भरून मी दिवाळ्याला गेले. कारखान्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. धर्माबाबा एका हातात काठी आणि दुसरा हात वनिताच्या खांद्यावर ठेवून पायऱ्या चढत होते. जितेश होडी लावून आला होता. नवा शर्ट घालून तो मशीनपाशी उभा होता आणि नारळ फोडायच्या तयारीनं बाह्या दुमडत होता.

बाबा मेन स्विचपाशी थांबले. सवयीनं हात वर गेला. मी एक पाऊल पुढे टाकलं, खरं सांगते. म्हणजे बंद केली असती तरी काही बिघडणार नव्हतं, पण मला ती बंद व्हायला नको होती. त्यांनी हात खाली घेतला.

“चालू दे,” ते म्हणाले. “देवाला आवाजाची सवय लागंल.”

वनितानं मशीनला हळद लावली, कुंकू लावलं, आमच्या पेटीलाही एक बोट लावलं. बाबांनी ताटातला नारळ उचलला. जितेशनं हात पुढे केला, पण नारळ त्याच्यासमोरून गेला आणि वनिताच्या पुढ्यात थांबला.

“बाबा, मी?” ती म्हणाली. “आपल्यात बायका…”

“मशीन कोन चालवतं?”

तिनं धडधडत्या मशीनकडे बघितलं.

“मग फोड.”

जितेशनं एकदा बापाकडे, एकदा वहिनीकडे बघितलं आणि दुमडलेल्या बाह्या तशाच ठेवून बाजूला सरकला. वहिनीसाठी दगड नीट टेकवून दिला, हे मात्र त्याच्या नावावर लिहायला हवं. पहिल्या फटक्याला नारळ नुसता घरंगळला. दुसऱ्याला फुटला आणि पाणी तिच्या ओढणीवर, माझ्या साडीवर, सगळीकडे उडालं. मशीन धडधडत होती. मी पेटीच्या पडद्याकडे बघितलं, तर तापमान हवं तिथेच होतं.

माझ्या करंज्या तिनं काढून घेतल्या आणि डबा अर्थातच रिकामा दिला नाही. खोबरं, साखर आणि कागदात गुंडाळलेले सुके बोंबील भरून तो परत माझ्याकडे आला, आणि मघाशी म्हटल्याप्रमाणे अजून माझ्याच फळीवर आहे.

एक गोष्ट सलते. तीच पेटी आम्ही आणखी बऱ्याच ठिकाणी लावली होती. सगळ्यांना आपणहून कळवून प्रोग्रॅम बदलून द्यावा, असं मी म्हणत होते. दामले म्हणाले, तक्रार येईल तिथे बदलू. मी निवृत्त झाले तोवर सर्वांच्या पेट्या बदलून झाल्या नव्हत्या. कुठेतरी कोणीतरी अजून दर आठवड्याला मशीन बंद करत असेल आणि आपल्या देवावर भरवसा ठेवून असेल. आताच्या चिपांत तर मेमरी एवढी मोठी असते, की नव्या पोरांना मोजायची गरजच वाटत नाही. मोठी फळीही भरतेच, जरा उशिरा भरते, हे मी सांगते, आणि ती मला चहा पाजून निरोप देतात.

पण दसऱ्याचं राहिलं. प्रसाद वाटणं चालू असताना बाबांचा फोन वाजला. कुठल्याशा होडीचा तांडेल, म्हणजे तिच्यावरचा म्होरक्या होता, उद्या निघायचं होतं, बर्फ मिळेल का विचारत होता. इतकी वर्षं सगळे होडीवाले फोन करायचे ते बाबांनाच. बाबांनी त्याचं ऐकून घेतलं, मग खेकसले, “मना काय इचारतंस? कारखान्याची मालकीन हाय ना हितं, तिला इचार.”

आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. वनितानं नारळाच्या पाण्याचे हात ओढणीला पुसले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोन कानाला लावला.

“हां, बोला तांडेल,” ती म्हणाली. “किती लाद्या पायजेत?”